दोन शब्दांचं नाव आणि सरकलेला कॉलम : पावसाचे आकडे शीटमध्ये नेताना नेमकं काय बिघडतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. धाराशिव, बीड, लातूरकडे गावंच्या गावं पाण्यात, गोदाकाठी शेतं वाहून गेलेली. ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यासाठी ३१,६२८ कोटी रुपयांचं मदत पॅकेज जाहीर केलं. त्या दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा होती : आपल्या मंडळात किती मिलिमीटर पडला? आपलं मंडळ अतिवृष्टीच्या यादीत आहे का?

या प्रश्नाचं उत्तर एका तक्त्यात असतं. आणि तो तक्ता आपल्यापर्यंत बहुतेक वेळा पीडीएफ, फोटो किंवा कुणीतरी कॉपी करून फॉरवर्ड केलेला मजकूर म्हणून येतो. मग गावातला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी तो मजकूर गुगल शीट्समध्ये पेस्ट करते, स्पेसवरून तोडते, चढत्या-उतरत्या क्रमाने लावते आणि यादी परत ग्रुपवर टाकते. काम पाच मिनिटांचं. पण याच पाच मिनिटांत एखाद्या मंडळाचा आकडा गायब होऊ शकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तो कसा गायब होतो आणि कसा वाचवायचा, हे आज बघू.

आधी हे आकडे एवढे महत्त्वाचे का?

आपल्याकडे पाऊस जिल्ह्याचा मोजून भागत नाही. नोंद महसूल मंडळाची धरतात. एका मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीतही ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार पाऊस’ सुरू होतो. ही नोंद झाली की पंचनाम्याच्या मागणीला आधार मिळतो. मोसंबी, डाळिंबासारख्या फळबागांचा हवामानावर आधारित विमा तर थेट मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरच चालतो.

हे आकडे येतात कुठून? राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. आज अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर ८ जिल्हे आणि ७६ तालुके. पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयातून रोजचा पावसाचा अहवाल निघतो आणि बातम्यांमध्ये तोच येतो.

म्हणजे मोजणी यंत्राने होते आणि आकडे संगणकातच तयार होतात. अडचण त्यानंतर येते. आकडे माणसाच्या डोळ्यांसाठी छान मांडले जातात आणि ते पुन्हा संगणकात घालायला आपल्याला झटावं लागतं.

स्पेस म्हणजे भिंत नव्हे

तक्ता बघताना आपल्याला कॉलम दिसतात, कारण मध्ये मोकळी जागा असते. डोळ्याला तेवढं पुरतं. संगणकाला मात्र सांगावं लागतं की एक रकाना कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला. त्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत.

पहिली : ठरावीक रुंदी. म्हणजे पहिली २० अक्षरं नावाची, पुढची ८ आजच्या पावसाची, असं आधीच ठरवायचं. ही पद्धत छिद्रं पाडलेल्या कार्डांच्या काळातली. आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड १९२८ चं. तिथे प्रत्येक अक्षराला एक रकाना, त्यामुळे मोजणी चुकत नसे.

दुसरी : विभाजक चिन्ह. दोन मूल्यांमध्ये स्वल्पविराम किंवा टॅब टाकायचा. सीएसव्ही फाइल म्हणजे हीच पद्धत.

आपल्याकडे ग्रुपवर येतो तो मजकूर या दोन्हींत बसत नाही. पाठवणाऱ्याने स्पेसबार दाबत दाबत आकडे एकाखाली एक आणलेले असतात. कुठे तीन स्पेस, कुठे सात. त्याच्या स्क्रीनवर ते सरळ दिसतं, आपल्या फोनवर फॉन्ट वेगळा असल्याने वाकडं दिसतं.

पीडीएफची गंमत तर अजून वेगळी. पीडीएफमध्ये ‘कॉलम’ नावाची गोष्टच बऱ्याचदा नसते. ‘हे अक्षर पानावर अमुक ठिकाणी छापा’ एवढ्याच सूचना असतात. आपण कॉपी करतो तेव्हा दोन अक्षरांमधलं अंतर बघून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की इथे स्पेस असावी. म्हणून एकाच तक्त्याच्या दोन ओळींत वेगवेगळ्या स्पेस येतात.

त्यात मराठी. ‘ठरावीक रुंदी’ वापरायची म्हटली तरी देवनागरीत ती फसते. ‘फुलंब्री’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो : फु, लं, ब्री. संगणकाच्या हिशेबात त्यात आठ चिन्हं आहेत, कारण मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘देवगाव’ दिसायला चार अक्षरं, मोजायला सहा. त्यामुळे ‘डावीकडून पहिली २० चिन्हं काप’ असं सांगितलं की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी कापली जाते.

पाच ओळींचं उदाहरण

कन्नड तालुक्यातली पाच नावं घेऊ. आकडे फक्त नमुन्याचे आहेत, खऱ्या नोंदी नाहीत. पहिला आकडा आजचा पाऊस, दुसरा १ जूनपासूनचा एकूण. दोन मंडळांत आजची नोंदच आलेली नाही, म्हणून तिथे जागा रिकामी आहे. वाचायला सोपं म्हणून अंक मराठीत दिलेत. शीटमध्ये ते इंग्रजी अंकांत आहेत असं धरा.

पिशोर – आज ७१.३ – एकूण ५४२.८
देवगाव रंगारी – आज ६८.० – एकूण ५१०.५
चिंचोली लिंबाजी – आज रिकामं – एकूण ४९८.२
नाचनवेल – आज ६४.८ – एकूण ४८७.०
करंजखेड – आज रिकामं – एकूण ४७५.६

मूळ मजकुरात या डॅश नाहीत, नुसत्या कमी-जास्त स्पेस आहेत असं समजा. गुगल शीट्समधलं स्प्लिट फंक्शन वापरून स्पेसवर तोडलं की मिळतं ते असं :

पिशोर | ७१.३ | ५४२.८
देवगाव | रंगारी | ६८.० | ५१०.५
चिंचोली | लिंबाजी | ४९८.२
नाचनवेल | ६४.८ | ४८७.०
करंजखेड | ४७५.६

आता दुसरा कॉलम ‘आजचा पाऊस’ समजून शीटला विचारा : ६५ च्या वर किती मंडळं? उत्तर येतं २. मूळ तक्त्यात हाताने मोजलं तरी उत्तर २ च आहे. सगळं बरोबर, नाही का?

नाही. खरी दोन मंडळं पिशोर आणि देवगाव रंगारी. शीटने धरलेली दोन म्हणजे पिशोर आणि करंजखेड. देवगाव रंगारीचे ६८ मिलिमीटर तिसऱ्या कॉलममध्ये सरकले आणि दुसऱ्या कॉलममध्ये ‘रंगारी’ हा शब्द बसला. शीट शब्दाची बेरीज करत नाही, तक्रारही करत नाही, मुकाट्याने सोडून देते. करंजखेडला आजची नोंदच नव्हती. ती रिकामी जागा स्पेसमध्ये विरून गेली आणि जूनपासूनचा एकूण पाऊस ‘आजचा’ बनून आला. एका दिवसात ४७५ मिलिमीटर! हवामान खातं २०४.४ च्या वरच्या पावसाला ‘अत्यंत मुसळधार’ म्हणतं, त्याच्या दुपटीहून जास्त.

चिंचोली लिंबाजीचं तर अजून मजेशीर. नावाचा एक तुकडा जास्त झाला आणि एक रिकामा आकडा कमी झाला, त्यामुळे ४९८.२ बरोबर तिसऱ्या कॉलममध्येच आला. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. वरवर बघणाऱ्याला ही ओळ एकदम ठीक वाटेल.

धोका इथेच आहे. शीट एरर दाखवत नाही. उत्तर मिळतं, ते पटण्यासारखंही असतं, आणि तरी चुकीचं असतं.

अशी मुकी चूक मोठ्या यंत्रणांनाही महागात पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या कोरोना आकडेवारीतून १५,८४१ रुग्ण सुटले होते. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात घेतल्या जात होत्या. त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी आल्या, खालच्या गळाल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला.

आपल्याच जिल्ह्याचं नाव दोन शब्दांचं

हा प्रश्न आपल्याकडे २०२३ पासून अजून वाढलाय. २४ फेब्रुवारी २०२३ ला औरंगाबाद शहराच्या नामांतराला केंद्राची मंजुरी मिळाली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा आणि तालुक्याचंही नाव बदललं. नावाच्या राजकारणात आपण इथे जात नाही. डेटाच्या दृष्टीने झालं एवढंच, की एका शब्दाच्या जागी दोन शब्द आले.

मराठवाड्याचे आठ जिल्हे घ्या : जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर. स्पेसवर तोडलं तर सात ओळी जागेवर राहतात, एकच सरकते. ती विभागाच्या मुख्यालयाची. राज्यातल्या ३६ जिल्ह्यांत असा प्रश्न मराठीत आणखी दोघांनाच येतो : मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. सात ओळी नीट दिसल्या की आपल्याला वाटतं आयात झाली. आठवी बघायला कोण जातं?

शिवाय एकच नाव लोक चार प्रकारे लिहितात. छत्रपती संभाजीनगर, छ. संभाजीनगर, मधली स्पेस न देता छ.संभाजीनगर, आणि जुन्या फाइलमध्ये औरंगाबाद. आपल्यासाठी ते एकच. शीटसाठी चार वेगळे जिल्हे. दहा वर्षांच्या पावसाचा आलेख काढायचा म्हटला तर २०२३ ला एक रेघ तुटते आणि दुसरी सुरू होते. देशभरातला डेटा असेल तर बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, तो वेगळाच.

नावात थोडा फरक असलेली गावं आणखी घोळ घालतात. शहराजवळचं, विमानतळाचं ते चिकलठाणा आणि कन्नड तालुक्यातलं ते चिकलठाण. एका मात्रेचा फरक. कुणी ‘स्पेलिंग सुधारलं’ तर दोन मंडळांचा पाऊस एकात जाईल.

म्हणूनच मोठ्या याद्यांमध्ये नावासोबत क्रमांक ठेवतात. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा कोड ५१५ आहे. त्या जनगणनेचे आकडे जोडायचे तर पाटीवरचं नाव काहीही असो, ५१५ हाच धागा. पण कोडही कायमचा असेलच असं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचं नाव बदललं तेव्हा कोडही एडब्ल्यूबी वरून सीपीएसएन झाला. त्यामुळे कुठला कोड, कुठल्या यादीचा, हे सोबत लिहून ठेवायचंच.

आता उपाय : फोनवर जमतील असे

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमाने.

१. मूळ मजकूर तसाच ठेवा. पहिल्या कॉलममध्ये पूर्ण ओळ, काहीही न बदलता. सगळी तोडफोड शेजारच्या कॉलममध्ये. शंका आली की परत बघायला मूळ हवं.

२. स्पेस कुठली आहे ते ओळखा. सगळ्या मोकळ्या जागा सारख्या नसतात. साध्या स्पेसचा क्रमांक ३२, टॅबचा ९. वेबपेजवरून कॉपी केलं की १६० क्रमांकाची ‘न तुटणारी स्पेस’ येते. ती दिसते अगदी साध्या स्पेससारखी, पण ट्रिम फंक्शन तिला हात लावत नाही आणि साध्या स्पेसवर तोडताना ती तुटत नाही. ‘मी सगळं केलं तरी कॉलम का होत नाहीत?’ याचं उत्तर बरेचदा हेच असतं. सबस्टिट्यूट फंक्शनमध्ये ‘कॅर १६०’ च्या जागी साधी स्पेस टाका, मग पुढे जा.

३. ट्रिम करायची घाई नको. ट्रिम काय करतं? पुढच्या-मागच्या स्पेस काढतं आणि मधल्या कितीही असल्या तरी एकच ठेवतं. ऐकायला छान. पण बघा, नावातल्या दोन शब्दांमध्ये साधारण एकच स्पेस असते आणि दोन कॉलममध्ये दोन किंवा जास्त. हा फरकच आपला पुरावा आहे. ट्रिमने तो पुसला जातो.

म्हणून आधी ‘दोन किंवा जास्त स्पेस’ शोधून त्या जागी एखादं चिन्ह टाका, जे मजकुरात दुसरीकडे कुठेच नाही. उदाहरणार्थ उभी रेघ. रेगेक्सरिप्लेस फंक्शनमध्ये नमुना म्हणून दोन वेळा स्पेस दाबा आणि लगेच + हे चिन्ह द्या. अर्थ : एक स्पेस, आणि तिच्यापुढे एक किंवा अधिक स्पेस. मग स्प्लिटला स्पेसऐवजी उभी रेघ द्या. ‘देवगाव रंगारी’ एका सेलमध्ये येईल.

४. स्पेस एकेकच उरल्या असतील तर शेवटून मोजा. कधी कधी फॉरवर्ड होता होता सगळ्या स्पेस एकेक होऊन येतात. मग वरची युक्ती चालत नाही. पण नाव कितीही शब्दांचं असलं तरी शेवटचे दोन तुकडे आकडेच असणार. म्हणजे डावीकडून तोडण्यापेक्षा उजवीकडून ओळखायचं. रेगेक्सएक्स्ट्रॅक्ट फंक्शनला असा नमुना द्या :

^(.+) +([0-9.]+) +([0-9.]+)$

वाचायचं असं : सुरुवातीपासून जे काही असेल ते नाव, मग स्पेस, मग अंक, मग स्पेस, मग अंक, आणि तिथेच ओळ संपली पाहिजे. इथे मात्र आधी ट्रिम चालवा, नाहीतर ओळीच्या शेवटची एखादी स्पेस सगळं अडवते. गुगल शीट्स तीन कंसांचे तीन कॉलम करून देतं.

या नमुन्याचा खरा फायदा वेगळाच आहे. करंजखेडच्या ओळीत एकच आकडा आहे, म्हणून नमुना जुळत नाही आणि शीट एरर दाखवते. हेच हवंय! चुकीचा आकडा गुपचूप बसण्यापेक्षा एरर बरी. अशा ओळी मूळ तक्त्यात बघून हाताने भरा, आणि नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ असंच लिहा. तिथे शून्य टाकू नका. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या शेतात पाणी उभं आहे त्याच्यासाठी तर फारच वेगळ्या.

५. हे सगळं जड वाटलं तर नावं चिकटवा. दोन शब्दांची नावं तालुक्यात मोजकीच असतात. फाइंड अँड रिप्लेसने ‘देवगाव रंगारी’ च्या जागी ‘देवगाव_रंगारी’, ‘छत्रपती संभाजीनगर’ च्या जागी ‘छत्रपती_संभाजीनगर’ करा, मग खुशाल स्पेसवर तोडा, शेवटी खालची रेघ परत काढा. गावठी उपाय आहे, पण नावांसाठी पक्का. रिकाम्या आकड्यांचा प्रश्न मात्र याने सुटत नाही.

६. आकडा खरंच आकडा आहे का बघा. रेगेक्सएक्स्ट्रॅक्टमधून आलेलं ‘७१.३’ शीटच्या लेखी मजकूर असतो. १ ने गुणा किंवा व्हॅल्यू फंक्शन लावा. मूळ मजकूर मराठी अंकांत असेल तर वरचा नमुना जुळणारच नाही, तिथे [०-९.] लिहावं लागेल. आणि मराठी अंक बेरजेआधी इंग्रजी अंकांत बदलून घ्या. नाहीतर कॉलमभर आकडे दिसतात आणि खाली बेरीज शून्य.

७. न दिसणारी अक्षरं. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द दोन पद्धतींनी टाइप होतात. एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं, क्रमांक ८२०५. दिसायला दोन्ही एकसारखे, पण व्हीलूकअपसाठी वेगळे. नाव समोर दिसतंय आणि तरी ‘सापडलं नाही’ येतंय, तर लेन फंक्शनने दोन्हींची चिन्हं मोजून बघा. आकडा वेगळा आला की चोर सापडला.

कॉम्प्युटरवर एक्सेल असेल तर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ मध्ये ‘लागोपाठचे विभाजक एकच धरा’ असा पर्याय दिसतो. त्यावर टिक केली की काम झालं असं वाटतं, पण तोही रिकामी जागा गिळतो. त्याच ठिकाणी ‘फिक्स्ड विड्थ’ आहे. इंग्रजी, एकसारख्या रुंदीच्या मजकुराला तो उत्तम. देवनागरीला का नाही ते वर पाहिलंच.

चॅटजीपीटीला दिलं तर?

हा प्रश्न येणारच. चॅटजीपीटी किंवा जेमिनायला मजकूर देऊन ‘टेबल कर’ म्हटलं तर दोन शब्दांची नावं ते बरेचदा नीट ओळखतात. पण ते नियम लावत नाहीत, अंदाज लावतात. लांब यादीत एखादी ओळ गळू शकते, रिकामी जागा भरली जाऊ शकते, आणि कुठे तसं झालं ते दिसत नाही. वापरा, हरकत नाही. पण टेबल मागण्याऐवजी फॉर्म्युला मागितला तर जास्त बरं. फॉर्म्युला प्रत्येक ओळीला तोच नियम लावतो आणि तो तपासता येतो.

फॉरवर्ड करण्याआधी चार तपासण्या

मार्ग कुठलाही असो, शेवटी हे चार प्रश्न विचारा.

मूळ यादीत जितक्या ओळी तितक्याच शीटमध्ये आहेत का?

आकड्यांच्या कॉलममध्ये कुठे शब्द आणि नावाच्या कॉलममध्ये कुठे अंक शिरलाय का? काउंट फंक्शन फक्त आकडे मोजतं, काउंटए सगळं मोजतं. दोन उत्तरांत फरक आला तर काहीतरी सरकलंय.

सगळ्यात मोठा आकडा पटतो का? एका दिवसाच्या पावसात २०० च्या वर काही दिसलं तर थांबा, मूळ बघा. खरंच पडलेला असू शकतो, पण बघा.

मूळ तक्त्यात सरासरी किंवा बेरीज छापलेली असेल तर ती जुळते का? पण नुसतं ‘किती मंडळं’ जुळलं म्हणून समाधान मानू नका. आपल्या उदाहरणात २ ला २ जुळले होते. कुठली मंडळं, ते नावानिशी बघा.

आणि मुळात आपण हे का करायचं?

खरं तर शेवटचा मुद्दा हाच. जो आकडा हवामान केंद्रातून संगणकात येतो, तो संगणकाला वाचता येईल अशाच रूपात लोकांना मिळाला तर वरच्या सातही पायऱ्या लागणार नाहीत. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी खुल्या डेटासाठी तारे ठरवले आहेत : खुल्या परवान्याखाली पीडीएफ किंवा फोटो टाकला तर एक तारा, एक्सेलसारखी फाइल दिली तर दोन, सीएसव्हीसारखं कुणालाही वाचता येणारं रूप दिलं तर तीन. पीडीएफ वाईट आहे असं नाही. बातमीदाराला, अधिकाऱ्याला छापायला ती हवीच. पण शेजारी सीएसव्हीची लिंक द्यायला जास्तीचा खर्च जवळपास नाही.

भारत सरकारचं डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ पासून आहे. त्याहून जवळचा रस्ता माहिती अधिकाराचा. २००५ च्या कायद्यात कलम २(जे) मध्ये ‘माहितीचा अधिकार’ काय ते सांगितलंय, आणि त्यात संगणकात साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्क स्पष्ट आहे. त्या काळातला कायदा असल्याने डिस्केट-फ्लॉपीचा उल्लेख आहे, पण ‘अन्य इलेक्ट्रॉनिक स्वरूप’ हे शब्दही आहेत. कलम ७(९) म्हणतं की माहिती ज्या रूपात मागितली त्याच रूपात साधारणपणे द्यावी. त्या कार्यालयाची साधनं अवाजवी खर्ची पडत असतील किंवा त्या नोंदीचंच नुकसान होणार असेल, तरच अपवाद.

म्हणजे दहा रुपयांच्या अर्जात ‘तालुक्यातल्या सर्व मंडळांचा जून ते सप्टेंबरचा दैनिक पाऊस द्या’ एवढंच लिहून थांबू नका. पुढे एक ओळ जोडा : ‘माहिती एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात, मंडळाच्या कोडसह, आणि नोंद नसलेल्या दिवशी शून्य न टाकता “नोंद नाही” असे दर्शवून द्यावी.’

तुम्ही स्वतः ग्रुपवर आकडे टाकत असाल तर तोच नियम स्वतःलाही लावा. स्पेसबारने कॉलम जुळवत बसू नका, मध्ये स्वल्पविराम टाका. रिकाम्या जागी डॅश टाका. तारीख आणि एकक लिहा. आणि यादीत ‘देवगाव रंगारी’ असेल तर ती ओळ एकदा नीट बघून मगच पाठवा.